जुळ्यांचे अंगठे

माझ्या वडिलांचे दोन चुलतभाऊ जुळे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात त्यांची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. आम्ही मुलं त्यांना बडे चाचा आणि छोटे चाचा म्हणत आलो. दोघांच्या वयात अर्ध्या तासाचं अंतर आहे, असं दादी सांगायची. चेहरा तोच, चालही तीच. ईदच्या नमाजनंतर गळाभेट घेताना लोक एकालाच दोनदा भेटायचे आणि दुसरा तसाच राहायचा. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, अल्लाहने एकच साचा दोनदा वापरला.

काही वर्षांपूर्वी रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं. छोटे चाचांचा अंगठा यंत्राने पहिल्या फटक्यात ओळखला. बडे चाचांचा ओळखेना. त्यांनी उभं आयुष्य कापूस वेचला होता, विहिरी खणल्या होता आणि शेवटी जालन्याकडे बांधकामावर सिमेंट कालवलं होतं. अंगठा पार गुळगुळीत झाला होता. लुंगीला पुसून पाहिला, ओला करून पाहिला, डाव्या हाताचा लावून पाहिला. यंत्र लाल दिवाच दाखवत राहिलं. मागच्या रांगेतला एक जण हसत म्हणाला, "अहो, धाकल्याचा लावून द्या नं! दोघं एकच तर हायेत."

छोटे चाचांनी खरंच अंगठा पुढे केला. थट्टेतच केला, पण यंत्राला थट्टा कळत नाही. पुन्हा लाल दिवा लागला. बडे चाचा दुकानदाराला म्हणाले, "चेहरा एक, रगत एक, मायच्या पोटातली जागा एक. मंग अंगठा काहून एक नाही, भाऊ?" त्या महिन्याचं धान्य पुढे चार खेटे घातल्यावर मिळालं. प्रश्नाचं उत्तर मात्र दुकानात मिळालं नाही. ते शोधताना मला वऱ्हाडापासून बंगालपर्यंत आणि इतिहासापासून आईच्या गर्भापर्यंत जावं लागलं. तोच हा प्रवास.

अंगठ्याच्या आधी आपल्याकडे काय होतं, हे आधी पाहू. निरक्षर माणूस कागदावर स्वतःला कसा उमटवायचा? मराठेशाहीतले महजर आणि करारमदार पाहिले तर त्यांच्या तळाशी चित्रं दिसतात. पाटलाच्या किंवा कुणब्याच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, शेट्याच्या नावापुढे तराजू. "निशाणी नांगर" हा शब्दप्रयोग तिथलाच. बादशाही आणि सुभेदारी कागदांवर मोहरा असत, शिक्के असत. आमचा हा भाग तर राजवटी बदलण्यात मुरलेला. तालुक्यातल्याच साखरखेर्ड्याला १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली, मुबारिझखान पडला आणि गावाचं नाव फतेहखेर्डा झालं. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. मोहरा बदलत गेल्या. कुणब्याचा नांगर मात्र तोच राहिला.

पण या निशाणीकडे नीट पाहावं. नांगर काय सांगतो? हा माणूस शेतकरी आहे, एवढंच. कोणता शेतकरी, हे नांगर सांगत नाही. ते सांगणार गाव. चार पंच उभे राहून म्हणणार, होय, हा अमक्याचा मुलगा. म्हणजे जुन्या व्यवस्थेत माणसाची ओळख दोन गोष्टींवर टेकलेली होती, त्याच्या धंद्या-जातीवर आणि शेजाऱ्यांच्या साक्षीवर. एकटा माणूस, नुसता तो स्वतः, कागदावर कुठेच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात ही घडी मोडली. रेल्वे आली, कोर्ट आलं, कापसाचा पैसा आला. १८७० साली खामगावला रेल्वेची शाखा पोचली आणि तिथला कापूस मुंबईमार्गे थेट विलायतेला जाऊ लागला. व्यवहार आता गावच्या पारावर मिटेनासे झाले. कर्जरोख्यावर कोणाची निशाणी आहे आणि ती त्यानेच केली का, याचे वाद अनोळखी मुन्सफापुढे जाऊ लागले. या वादांचं टोक पुणे-नगर भागाने १८७५ साली पाहिलं. १२ मे रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे बाहेर काढून जाळले आणि दंगा गावोगाव पसरला. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात रोखे सरकारी माणसासमोर लिहून नोंदवण्याची तरतूद आली. निरक्षराच्या निशाणीवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न सरकारला छळत होता. सावकार खोटी निशाणी करतो असं ऋणको म्हणे आणि ऋणको खरी निशाणी नाकारतो असं सावकार म्हणे. दोघांच्या म्हणण्यात पुष्कळदा तथ्य असे.

उत्तराची सुरुवात बंगालमध्ये झाली होती. १८५८ साली जंगीपूरचे इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यांनी रस्त्याच्या खडीचा ठेका राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिला. कोनाईने उद्या करार नाकारू नये म्हणून हर्शेलनी त्याच्या तळहाताला शाई लावून कागदाच्या पाठीवर पंजा उठवून घेतला. त्यामागे शास्त्र नव्हतं, धाक होता. पण पुढे हर्शेलना नाद लागला. ते स्वतःचे आणि ओळखीच्यांचे ठसे वर्षानुवर्षं घेत राहिले आणि त्यांना दिसलं की माणूस म्हातारा होतो, ठसा बदलत नाही. १८७७ साली हुगळीला असताना त्यांनी पेन्शन, दस्त आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. पेन्शनर मेल्यावर त्याच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलत असे. तो प्रकार त्यांना थांबवायचा होता.

हजारो ठसे जमले तरी एक अडचण होती. पकडलेल्या माणसाचा ठसा हजारांच्या ढिगातून शोधायचा कसा? इथे आपल्या समाजातल्या एका विस्मृत माणसाचं नाव घेतलं पाहिजे. काझी अझीझुल हक. जन्म १८७२, खुलन्याकडचा. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला, गणितात तल्लख. बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांनी त्याला फौजदार म्हणून आपल्या हाताखाली घेतलं आणि ठशांच्या कामाला लावलं. हेमचंद्र बोस हे त्याचे सहकारी.

हक यांची युक्ती समजायला सोपी आहे. आपल्या घरातल्या बाया पोरांच्या बोटांवर चक्र किती आणि शंख किती ते मोजतात, तसंच काहीसं. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत बोटावर चक्र असेल तर त्याला १६ गुण, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. जोडीतल्या एकेका बोटाची वेगळी बेरीज करायची. अशा दोन बेरजा होतात, प्रत्येक ० ते ३१ यांच्या दरम्यान. दोन्हींत एकेक मिळवला की ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खण तयार होतात. कोणताही माणूस यांपैकी एकाच खणात बसतो. हजारो कागदांची चाळण करण्याऐवजी एक खण उघडायचा. या पद्धतीला सरकारने १८९७ च्या जूनमध्ये मान्यता दिली आणि त्याच वर्षी कलकत्त्याला बोटांच्या ठशांचा जगातला पहिला विभाग सुरू झाला.

लगेच कसोटीही लागली. जलपायगुडीतल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. चोरीच्या जागी सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. तो अंगठा मृताचा जुना नोकर कांगाली चरण याचा निघाला. चोरीची शिक्षा आधी झालेली असल्यामुळे त्याचे ठसे दप्तरी होते. १८९८ साली न्यायालयाने निकाल दिला, पण निकाल फार सावध होता. चोरीबद्दल दोषी, खुनाबद्दल नाही. अंगठा सांगतो की हात इथे होता. हाताने काय केलं, हे अंगठा सांगत नाही. ही सावधगिरी लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे. पुढल्याच वर्षी, १८९९ साली, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांबाबत तज्ज्ञाचं मत ग्राह्य ठरलं.

पद्धत जगभर गेली ती मात्र "हेन्री पद्धत" म्हणून. हेन्रींनी १९०० साली पुस्तक लिहिलं, त्यात हक आणि बोस यांना श्रेय मिळालं नाही. १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ती स्वीकारली. हक यांना पुढे खानबहादूर हा किताब मिळाला आणि पाच हजार रुपयांचं मानधन मिळालं. १९२६ साली हेन्रींनी स्वतःच पत्र लिहून मान्य केलं की वर्गीकरणाची पद्धत पूर्णत्वाला नेण्यात आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सर्वांत मोठा वाटा हक यांचा होता. हक निवृत्तीनंतर बिहारात मोतिहारीला राहिले आणि १९३५ साली वारले. आज ब्रिटनमधल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने हक आणि बोस यांच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे. प्रत्येक माणूस वेगळा ओळखता यावा म्हणून ज्याने १०२४ खण केले, त्याचं स्वतःचं नाव मात्र दुसऱ्याच्या नावाच्या खणात शंभर वर्षं पडून राहिलं. आपल्या शाळांतल्या पोरांना हे नाव माहीत असायला हरकत नाही.

आता जुळ्यांकडे येऊ. चाचांचा प्रश्न त्यांच्याआधी एका इंग्रजाला पडला होता. फ्रान्सिस गाल्टन. या माणसाचा ध्यास असा, की माणसात जे आहे ते सगळं रक्तातून उतरतं. याच विचारातून त्याने वंशसुधाराची ती घातक कल्पना मांडली, जिची फळं विसाव्या शतकाने भोगली. त्याने १८७५ साली जुळ्यांवर निबंध लिहिला आणि १८९२ साली बोटांच्या ठशांवर पुस्तक. ठशांत आपल्याला वंशाची खूण सापडेल, अशी त्याला आशा होती. म्हणून त्याने इंग्रज, वेल्श, ज्यू, आफ्रिकी अशा निरनिराळ्या लोकांचे ठसे तपासले. खूण सापडली नाही. कोणत्याही एका वंशाचा म्हणून वेगळा ठसा नव्हता. जुळ्यांचे ठसे त्याला एकमेकांसारखे वाटले, पण एक म्हणावेत इतके नाही. ज्याला रक्ताचा पुरावा हवा होता, त्याच्या हाती व्यक्तीचा पुरावा आला. गाल्टनने निराश होऊन का होईना, पण हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

असं का व्हावं? याचं उत्तर गर्भात आहे. एकबीज जुळे एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन तयार होतात, त्यामुळे दोघांची जनुकं जवळपास सारखी असतात. गर्भ साधारण सहा-सात आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर छोटे उभार येतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते ओसरू लागतात आणि त्याच वेळी कातडीत रेषा उमटू लागतात. सतराव्या आठवड्यापर्यंत नक्षी ठरून जाते. त्यानंतर ती फक्त वाढते, बदलत नाही. उभार उंच असेल तर बहुधा चक्र होतं, सपाट असेल तर साधी कमान. उभाराचा आकार बराचसा जनुकं ठरवतात. म्हणून जुळ्यांची बोटं ढोबळमानाने जुळतात. एकाच्या अंगठ्यावर चक्र असेल तर दुसऱ्याच्याही असण्याची शक्यता मोठी.

पण ठशाची खरी ओळख चक्रात नसते, बारीक तपशिलात असते. रेषा कुठे तुटली, कुठे तिला फाटा फुटला, यात असते. हा तपशील कसा घडतो, याचा उलगडा २०२३ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी केला. रेषा बोटाच्या तीन जागांवरून लाटांसारख्या निघतात. एक लाट उभाराच्या मध्यातून, एक नखाखालून आणि एक पेराच्या घडीकडून. कातडीतले काही रासायनिक संदेश रेषा उठवतात, काही त्या दाबतात. त्यांच्या ओढाताणीतून ओळीमागून ओळ उभी राहते. अशी नक्षी कशी तयार होऊ शकते याचं गणित ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९५२ सालीच मांडलं होतं. लाटा कुठे सुरू होतात, कोणत्या वेगाने सरकतात, कुठे एकमेकींना भिडतात, यांत केसाएवढा फरक पडला तरी तपशील बदलतो. आणि दोन गर्भांत असा फरक पडतोच. एक जण जरा वर, एक जरा खाली. एकाचं बोट किंचित आधी वाढलेलं, एकाचं नंतर. आईचं पोट एकच असलं तरी त्यातली जागा एक नसते. बडे चाचांच्या प्रश्नात चूक होती ती एवढीच.

उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानात भेगा पडतात. वावर एक, माती एक, ऊन एक. तरी बांधाच्या अलीकडच्या भेगा आणि पलीकडच्या भेगा कधी एकावर एक बसत नाहीत. त्याच वावरात पुढच्या वर्षीही त्याच जागी पडत नाहीत. माती सांगते की भेगा पडणार. नेमकी कोणती भेग कुठे वळणार, हे मातीच्या हातात नसतं. बोटाचं तसंच आहे, फरक इतकाच की बोटावरची नक्षी एकदाच पडते. आणि याहून सोपा पुरावा हवा असेल तर स्वतःच्याच हाताकडे पाहावं. तुमच्या दहाही बोटांची जनुकं एकच आहेत. तरी दहांतले दोन ठसे सारखे नाहीत. जिथे एकाच माणसाची दोन बोटं जुळत नाहीत, तिथे दोन भावांची कशी जुळणार?

अनिल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली संगणकावर हेच तपासलं. एकबीज जुळ्यांचे ठसे परक्यांच्या ठशांपेक्षा जास्त सारखे निघाले, तरी यंत्राला दोघं वेगळे ओळखता आले. चुकीची शक्यता किंचित वाढली, एवढंच. नेहमीच्या डीएनए चाचणीला मात्र अशा जुळ्यांत फरक करता येत नाही. म्हणजे रक्त जिथे दोघांना एक म्हणतं, तिथे अंगठा दोघांना दोन म्हणतो.

आपल्याकडे या विषयाची चर्चा निघाली की सूरह अल-कियामहमधल्या बोटांच्या टोकांच्या उल्लेखाकडे बोट दाखवलं जातं. तो उल्लेख मोठा अर्थगर्भ आहे, यात शंका नाही. पण तिथे विषय आहे पुनरुत्थानाचा. जुन्या तफसीरकारांत काहींनी त्याचा अर्थ बोटं उंटाच्या पायासारखी सलग करण्याशी लावला होता. श्रद्धेला पोलीस खात्याच्या दाखल्याची गरज नसते आणि विज्ञानालाही पाठिंब्याची आयत लागत नाही. दोघांनाही आपापल्या जागी राहू दिलं तर दोघांचाही मान राहतो.

आता ती जलपायगुडीची सावधगिरी. अंगठे वेगळे असतात हे खरं. पण ते जुळवणारी माणसंच असतात आणि माणसं चुकतात. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १९० हून अधिक माणसं मेली. एका प्लास्टिकच्या पिशवीवर ठसा सापडला. अमेरिकेच्या एफबीआयने तो ब्रँडन मेफिल्ड या अमेरिकी वकिलाचा असल्याचं जाहीर केलं. तीन तज्ज्ञांनी दुजोरा दिला. मेफिल्ड यांनी इस्लाम स्वीकारलेला होता. स्पेनचे पोलीस सांगत होते की ठसा जुळत नाही, तरी मे महिन्यात त्यांना अटक झाली. सुमारे दोन आठवड्यांनी स्पेनने तोच ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. मेफिल्ड सुटले, एफबीआयने माफी मागितली आणि २००६ साली सरकारला वीस लाख डॉलर द्यावे लागले. त्याच वर्षीच्या अधिकृत चौकशीत म्हटलं आहे की चुकीचं मूळ त्यांचा धर्म नव्हता, कारण ठसा जुळवला तेव्हा तपासनीसांना तो माहीतच नव्हता. पण नंतर ती चूक पुन्हा तपासून पाहण्यात जी कुचराई झाली, तीत धर्माचा हातभार असू शकतो.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अंगठा बोलत होता की मी तो नाही. ऐकणाऱ्याला मात्र आता माणूस दिसत नव्हता, निशाणी दिसत होती. जुन्या कागदावरचा नांगर जसा "हा शेतकरी" इतकंच सांगे, तशी. इंग्रजांनी ज्या काळात प्रत्येक माणूस वेगळा ओळखणारं शास्त्र इथे उभं केलं, त्याच काळात १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आमच्या जिल्ह्यातल्या पारध्यांच्या पालावर रात्री-अपरात्री धाड पडते, तेव्हा अंगठा कोणी आधी पाहत नाही. कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली गेला. सवय गेली नाही. "हे सगळे सारखेच" असं म्हणण्याची सवय आपल्यातही आहे. आपण पारध्यांविषयी म्हणतो, दुसरे आपल्याविषयी म्हणतात.

आधार आलं तेही महाराष्ट्रातूनच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला क्रमांक दिला गेला. त्यात दहा बोटं घेतली आणि दोन डोळ्यांची बुबुळंही, कारण बुबुळांची नक्षीसुद्धा जुळ्यांत वेगळी असते. शास्त्र पक्कं आहे. पण ते शास्त्र कष्टाने न झिजलेल्या बोटासाठी पक्कं आहे. ज्याने जास्त कापूस वेचला, जास्त विटा उचलल्या, त्याचाच अंगठा यंत्राला आधी परका होतो. हर्शेलने पेन्शन चोरणाऱ्याला रोखायला ठसा वापरला. तोच ठसा हक्कदारालाच दारात अडवू लागला, तर दोष अंगठ्याचा नाही. यंत्राचा नकार हाच शेवटचा शब्द मानणाऱ्याचा आहे.

हे सारं मी मागच्या बकरीदला बडे चाचांना सांगितलं. लाटांचं, भेगांचं, हक साहेबांचं. आता त्यांचं रेशन बुबुळावर मिळतं. दोघे भाऊ लिंबाखाली बाजेवर बसले होते. बडे चाचांनी धाकट्याचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघांचे अंगठे शेजारी धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "म्हंजे पोटात असतानाच आम्ही दोघं वेगळे झालो होतो. अम्मीलाच फक्त माहीत असंल."

खरंच. दादीने दोघांना कधी चुकून हाक मारली नव्हती.